मोबदला मिळाला ना, मग ओरड कसली? आदिवासींची जमीन, 'विकास' आणि न लागलेला हिशेब

वाढवण बंदर, सूरजागडची खाण, बुलेट ट्रेन, कुठला तरी नवीन हायवे... महाराष्ट्रात सध्या दर काही महिन्यांनी एक बातमी येते की अमुक भागातल्या आदिवासींचा प्रकल्पाला विरोध. आणि ती बातमी वाचली की आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात एकच प्रश्न येतो, अरे सरकार पैसे देतंय ना, मग प्रॉब्लेम काय आहे? प्रश्न चुकीचा नाहीये. पण त्याचं उत्तर कोणी नीट देत नाही, एका बाजूचे लोक 'जल-जंगल-जमीन' म्हणून घोषणा देतात आणि दुसऱ्या बाजूचे 'विकासविरोधी' म्हणून मोकळे होतात, आणि मधला साधा वाचक तसाच राहतो. म्हणून जरा बेसिकपासून बघू.

थिअरी सांगत बसण्यापेक्षा मी एकच केस धरतो, सरदार सरोवरची. धरण गुजरातमध्ये, पण त्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांतली 33 गावं येतात. भिल्ल, पावरा, तडवी लोकांची गावं. जुनी केस आहे, आता तिथे गरमागरम काही नाही, म्हणूनच समजून घ्यायला बरी.

आधी सोसायटीचं रिडेव्हलपमेंट आठवा

मुंबई-पुण्यात हे सगळ्यांनाच माहितीये. बिल्डर येतो, मीटिंगा होतात, 51 टक्के लोकांची संमती लागते, मग अॅग्रीमेंट, नवीन फ्लॅट किती स्क्वेअर फुटांचा, तोपर्यंतचं भाडं, कॉर्पस, बँक गॅरंटी, हे सगळं कागदावर आल्याशिवाय कोणी घराची किल्ली देत नाही. आणि तरीही लोक फसतात, दहा-दहा वर्षं भाड्याच्या घरात काढतात.

आता असं समजा की बिल्डर न विचारताच आला. मीटिंग नाही. प्लॅन इंग्रजीत, तुम्हाला दाखवलेला नाही. मोबदला फक्त ज्याचं नाव शेअर सर्टिफिकेटवर आहे त्यालाच, आणि तेही सर्टिफिकेट वारलेल्या आजोबांच्या नावावर. वर सांगितलं गेलं की नवीन बिल्डिंगमध्ये तुम्हाला घर नाहीच, ती दुसऱ्या शहरातल्या लोकांसाठी आहे. 'लादलेला प्रकल्प' म्हणतात तो हा. प्रकल्प चांगला का वाईट हा मुद्दा वेगळा, इथे प्रश्न आहे की ज्याचं घर जातंय त्याला नाही म्हणायची सोय होती का.

सरदार सरोवरमध्ये नव्हती. नेहरूंनी पायाभरणी केली 5 एप्रिल 1961 ला. पाण्याच्या वाटपावरून राज्यांची भांडणं झाली म्हणून 1969 मध्ये नर्मदा पाणी तंटा लवाद बसला आणि त्याचा निवाडा आला 1979 मध्ये. त्या सगळ्या काळात लवादापुढे बाजू मांडणारे कोण, तर राज्य सरकारं. डोंगरातल्या गावांना विचारलं नव्हतं. पाणी ठरलं 28 दशलक्ष एकर फूट, त्यातलं मध्य प्रदेशला 18.25, गुजरातला 9, राजस्थानला 0.5 आणि महाराष्ट्राला 0.25. वीज महाराष्ट्राला 27 टक्के. म्हणजे वाटणी झाली राज्याराज्यांत, आणि ज्या गावाची जमीन जाणार ते गाव त्या हिशेबात 'बुडीत क्षेत्र' एवढंच.

मग नुकसान नक्की कशाचं होतं?

मला वाटतं सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. सरकार नुकसान मोजतं ते कागदावरून. सातबारा आहे? किती एकर? घर किती खणांचं? झाडं किती? पण सातपुड्यातल्या घराचा वर्षभराचा संसार त्या कागदावर मावतच नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. उजाडायच्या आधी अख्खं घर झाडाखाली, टोपल्या घेऊन, फुलं वेचायची, वाळवायची, थोडी खायला, थोडी दारूला, बाकी विकून मीठ-तेल-कपडा. त्याच्या मागेपुढे चारोळी, डिंक, तेंदूपानं. नदीत मासे. पाणी उतरलं की नदीकाठच्या गाळात डांगर-टरबूज लावायचं. डोंगरउतारावर ज्वारी, मका. गुरं आणि शेळ्या चरायला जंगल, घराला लाकूड आणि बांबू जंगलातलाच, चुलीला सरपण तिथलंच, किरकोळ दुखण्याला औषधही तिथलंच. पेरणीला आणि घर बांधायला एकमेकांकडे आळीपाळीने जायचं, मजुरी नाही, जेवण घालायचं बस. यातल्या किती गोष्टींचा सातबारा असतो? मोहाच्या झाडाचा मालक गावात सगळ्यांना माहिती असतो, तलाठ्याच्या दप्तरात नसतो.

आणि शेतीचंही तसंच. अक्राणीच्या डोंगरात कित्येक गावांत जमिनीचे हक्क धड लिहिलेच गेले नव्हते, वनखात्याच्या लेखी ती नुसती वनगावं, आणि जंगल साफ करून पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन, तिकडे नेवाड म्हणतात तिला, ती कागदावर 'अतिक्रमण'. म्हणजे तुमच्या पणजोबांनी कसलेल्या जमिनीवर तुम्ही अतिक्रमणदार! अतिक्रमणदाराला कसला मोबदला.

यातून त्या भागात दोन शब्द जन्माला आले, घोषित आणि अघोषित. घोषित म्हणजे सरकारने ज्याला प्रकल्पग्रस्त म्हणून मान्य केलं तो. अघोषित म्हणजे ज्याचं शेत-घर तेवढंच बुडतंय पण नाव यादीत नाही तो. एकाच घरातला एक भाऊ घोषित, दुसरा अघोषित असं व्हायचं. तिसरा प्रकार टापूचा, म्हणजे तुमची जमीन बुडत नाही पण चारी बाजूंनी पाणी आल्यामुळे तुम्ही बेटावर, शाळा-बाजार-दवाखाना सगळं पाण्यापलीकडे. बुडालेलं नाही ना, मग प्रकल्पग्रस्त कसे? नियमाने बरोबर आहे बघा!

गुजरातच्या बाजूला तर अजून जुनी गोष्ट आहे. 1961 मध्ये धरणाच्या कामगारांच्या कॉलनीसाठी केवडिया आणि आसपासची मिळून सहा गावांची जमीन घेतली गेली. ते लोक पाण्याने बुडाले नाहीत, म्हणून लवादाच्या 'जमिनीच्या बदल्यात जमीन' या नियमात बसलेच नाहीत. आज तो सगळा पट्टा देशातलं मोठं टूरिस्ट ठिकाण आहे, स्टॅच्यू ऑफ युनिटी तिथेच. आपल्यापैकी बरेच जण तिथे फोटो काढून आले असतील.

पण लवादाने तर जमीन द्यायला सांगितली होती ना?

हो, आणि हे मान्य करायलाच पाहिजे की 1979 चा तो निवाडा त्या काळाच्या मानाने खूपच पुढचा होता. त्याआधी 1894 च्या इंग्रजांच्या कायद्याने जमीन घ्यायची, रोख रक्कम हातावर टेकवायची, विषय संपला. पुनर्वसन हा हक्कच नव्हता. आपल्याकडे राज्याचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला 1976 मध्ये, आणि देशपातळीवर मोबदला आणि पुनर्वसन एकत्र बांधणारा कायदा यायला 2013 उजाडलं. त्या मानाने लवाद म्हणाला की ज्या खातेदाराची 25 टक्क्यांहून जास्त जमीन जाते त्याला कमीत कमी 2 हेक्टर ओलिताची जमीन द्या, सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब धरा, आणि पाणी भरण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण करा. (मुलगा म्हटलंय. सज्ञान मुलीचा त्यात उल्लेख नाही.)

कागद चांगला, पण द्यायला जमीन आणायची कुठून? महाराष्ट्राने तळोद्याच्या बाजूचं साधारण 4200 हेक्टर जंगल त्यासाठी मोकळं केलं. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, त्या जंगलात आधीच दुसरे आदिवासी शेती करत होते, त्यांच्याकडेही कागद नव्हते. एका आदिवासीला बसवण्यासाठी दुसरा उठवायचा. वसाहती झाल्या, काही ठिकाणी शेती जमलीही, पण नदी नाही, चराईला जंगल नाही, गुरं विकावी लागली, आणि ज्वारी-मका खाऊन वर विकत फारसं काही न घेणाऱ्या घराला महिन्याच्या महिन्याला रोख पैसा लागायला लागला. अशा घराला सरकारी आकडेवारीत 'पुनर्वसित' म्हणतात.

जगभरच्या विस्थापनाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ मायकेल सेर्निया यांनी यावर आठ धोक्यांची एक यादी केलीये, त्यात जमीन, काम आणि घर जाणं तर आहेच, पण सामाईक गोष्टी जाणं, पोटाला कमी पडणं, आजारपण वाढणं, समाजात खालच्या पायरीवर ढकललं जाणं आणि माणसामाणसातली वीण उसवणं हेही आहे. ते जागतिक बँकेतच होते बरं का. आणि या बँकेनेच 1985 मध्ये सरदार सरोवरला 45 कोटी डॉलरचं कर्ज दिलं, विरोध वाढल्यावर ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र समिती नेमली, 1992 मध्ये त्या समितीने सांगितलं की पुनर्वसन सध्याच्या परिस्थितीत शक्य दिसत नाही, आणि 1993 च्या मार्चमध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीत, म्हणजे महाराष्ट्रातल्या पहिल्या गावात, पाणी शिरलं. 18 ऑक्टोबर 2000 ला सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने धरण पुढे न्यायला परवानगी दिली, न्यायमूर्ती भरुचांचं मत वेगळं होतं. 2017 मध्ये दरवाजे बंद झाले आणि 2019 च्या सप्टेंबरमध्ये धरण पहिल्यांदा 138.68 मीटर पूर्ण भरलं. पायाभरणीपासून 58 वर्षं. म्हणजे एका माणसाचा जन्म, लग्न, नातवंडं एवढं सगळं 'कधी बुडणार' या प्रश्नाखाली.

बाजारभावाने पैसे दिले तर?

हा सगळ्यात रास्त वाटणारा मुद्दा. पण बाजारभाव ठरतो कसा? आसपासच्या खरेदीखतांवरून. आणि आदिवासी जमीन बिगर आदिवासीला विकायला कायद्याने बंधन आहे, महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेचं कलम 36 आणि 36-अ. हे बंधन चांगल्यासाठी आहे, नाहीतर सावकारांनी कधीच सगळं गिळलं असतं. पण त्यामुळे तिथे खरेदी-विक्री नाही, विक्री नाही म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून मोबदला किरकोळ. ज्या कायद्याने जमीन वाचवली त्यानेच तिची किंमत कागदावर पाडली. 2013 च्या कायद्यात हे लक्षात घेऊन अशा ठिकाणी शेजारच्या भागाचे भाव धरून किमान भाव ठरवा अशी सोय केलीये, ग्रामीण भागात भावाला गुणक आणि वर तेवढंच दिलासा म्हणून द्यायचं, म्हणजे रक्कम आता बरीच मोठी होते हे खरं. पण त्याआधीच्या शंभरेक वर्षांत जे गेले ते गेले, आणि आजही रक्कम कितीही मोठी असली तरी ती मुख्यतः सातबाराच्या जमिनीचीच आहे. मोह, मासे, चराई यांचा पूर्ण हिशेब त्यात नाही. शिवाय एकरकमी पैसा हातात आला की काय होतं ते पुण्याच्या आसपासच्या गावांत आपण पाहिलंच आहे, स्कॉर्पिओ येते, लग्न दणक्यात होतं आणि पाच-सात वर्षांत सगळं साफ. शेजारी शहर असलेल्या, शिकलेल्या बागायतदारांचं हे होतं तर ज्याने बँकेचं पासबुक पहिल्यांदा हातात घेतलंय त्याचं काय.

देशाला वीज, लोखंड नको का?

पाहिजे की. मी हे लिहितोय तो कॉम्प्युटर पण हवेवर चालत नाही. सरदार सरोवरचं पाणी कच्छ-सौराष्ट्रापर्यंत गेलं, तिथल्या लोकांना त्याचा फायदा झाला हेही नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न असा आहे की दरवेळी तीच माणसं का? नियोजन आयोगाच्या अंदाजानुसार 1951 ते 1990 या काळात प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांत साधारण 40 टक्के आदिवासी होते, आणि देशाच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण 2011 च्या जनगणनेत 8.6 टक्के. खनिज डोंगरात असतं, धरणाला दरी लागते हे भौगोलिक कारण आहेच. पण दुसरं कारण जास्त सरळ आहे, जिथे कागद कमी, वकील लांब आणि आमदाराची भीती कमी तिथली जमीन स्वस्तात आणि लवकर मिळते. प्रकल्पाचा खर्च-फायदा मांडताना ही स्वस्ताई फायद्याच्या बाजूला जाते. म्हणजे खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त आदिवासीच्या खात्यात टाकला जातो.

आता तर कायदे आहेत, मग?

आहेत आणि चांगले आहेत. तीन लक्षात ठेवले की बास. पेसा, 1996 चा, म्हणजे पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, महाराष्ट्रात 13 जिल्ह्यांच्या काही भागांना लागू. वनहक्क कायदा, 2006 चा, जो म्हणतो की जंगलात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क आधी नोंदवा आणि ते झाल्याशिवाय कोणाला उठवू नका. आणि 2013 चा भूसंपादन कायदा, ज्यात अनुसूचित क्षेत्रातली जमीन शक्यतो घेऊच नका, घ्यावीच लागली तर ग्रामसभेची आधी संमती घ्या असं कलम 41 मध्ये आहे.

हे चालतात का? एकदा जोरात चालले. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात बॉक्साइटची खाण होणार होती, डोंगरिया कोंध लोकांचा देव त्या डोंगरावर. 18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा, जिल्हा न्यायाधीश निरीक्षक ठेवा. राज्य सरकारने 12 गावं निवडली, बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं आणि 2014 च्या जानेवारीत केंद्राने परवानगी नाकारली.

पण यातून पळवाटाही शोधल्या गेल्या. नियमगिरीचा निकाल यायच्या दोन महिने आधीच, 5 फेब्रुवारी 2013 ला, केंद्राच्या पर्यावरण खात्याने रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या, कालवे अशा 'रेषेतल्या' प्रकल्पांना बहुतेक ठिकाणी ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली होती. 2022 च्या वन संवर्धन नियमांत क्रम बदलला, केंद्राची अंतिम मंजुरी आधी, आणि वनहक्कांचं काम झालंय का ते राज्य नंतर बघेल. अनुसूचित जमाती आयोगानेही याला आक्षेप घेतला होता. रिडेव्हलपमेंटच्या भाषेत, बिल्डिंग पाडायची परवानगी आधी, सभासदांची मीटिंग सवडीने.

आणि सगळ्यात मोठी गल्लत होते ती जनसुनावणीची. लोकांना वाटतं जनसुनावणी झाली म्हणजे लोकांची संमती झाली. अजिबात नाही. पर्यावरण मंजुरीसाठी 2006 च्या अधिसूचनेनुसार जी सुनावणी होते त्यात फक्त म्हणणं नोंदवून घेतात. मतदान नाही, अख्ख्या गावाने नाही म्हटलं तरी ते 'नोंद' होतं. सूरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये झाली ती गडचिरोली शहरात, खाण आहे एटापल्ली तालुक्यात, लोक बोलतात माडिया. एका दिवसाची मजुरी सोडून एवढ्या लांब कोण येणार आणि शेकडो पानांचा अहवाल कोण वाचणार? आणि तिथे जमीन वनखात्याची, म्हणून भूसंपादनच नाही, 'वनजमीन वळती करणं' आहे, त्यामुळे 2013 च्या कायद्याचं ते कलम 41 लागूच होत नाही. खाणीमुळे तिकडच्या पोरांना काम मिळालंय, हे खरं आहे आणि ते नको असं कोणी म्हणत नाही. पण काम मिळालं म्हणून विचारायची गरज संपते असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

त्यांना कायम जंगलातच ठेवायचं का?

हा प्रश्न मला जरा चिडवतो, कारण तो विचारणारा कधीच तिकडच्या माणसाला विचारत नाही. नर्मदा खोऱ्यातल्या गावांना शाळा हव्या होत्या, सरकारी शाळा कागदावर चालत होत्या म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लोकांनी नर्मदा बचाव आंदोलनातून स्वतःच्या जीवनशाळा काढल्या. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये साधारण 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले आणि गाव स्वतः बांबू विकायला लागलं, टेंडर, बँक खातं, ऑडिट सगळं करून. चंद्रपूरच्या पाचगावनेही तेच केलं. आज गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांकडे असे हक्क आहेत, कित्येक ठिकाणी तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभा स्वतः करते. याला विकास म्हणायचं नाही तर कशाला? फरक एवढाच की इथे रिबीन कापायला मंत्री लागत नाही.

'बाहेरचे लोक भडकवतात' याचं काय?

थोडंफार असतं, सगळीकडे असतं. सोसायटीच्या मीटिंगमध्येही एक वकील असतोच, आपण त्याला भडकवणारा म्हणत नाही, सल्लागार म्हणतो. शिवाय बाहेरचे दोन्ही बाजूंना आहेत, कंपनी, कन्सल्टंट, अधिकारी काय पाड्यावर जन्मलेले नसतात.

ठराव खरा का खोटा, कसं ओळखायचं?

पुढच्या वेळी बातमीत 'ग्रामसभेची संमती मिळाली आहे' असं वाचलं तर हे बघता येतं. जंगल वळतं करण्याचे प्रस्ताव केंद्राच्या परिवेश पोर्टलवर असतात, त्यात बरेचदा जिल्हाधिकाऱ्यांचं वनहक्काचं प्रमाणपत्र आणि ठराव स्कॅन करून जोडलेले असतात. उघडून वाचा, मराठीतच असतात. वनहक्काच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. त्यामुळे सह्या-अंगठे मोजा, बायकांची नावं मोजा. तारीख बघा, सुट्टीच्या दिवशी पाच गावांची ग्रामसभा एकाच वेळी झालीये का, सगळ्या ठरावांची भाषा शब्दशः सारखी आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठराव कोणाचा आहे. पेसात ग्रामसभा म्हणजे पाड्याची, वस्तीची. आठ पाड्यांची मिळून एक गट ग्रामपंचायत असेल आणि तिच्या लेटरहेडवर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोनच सह्या असतील, तर तो ग्रामपंचायतीचा ठराव झाला, ग्रामसभेचा नाही.